‘सीक्रेट जपान’ची यादी माझ्याकडे नाही

आज सकाळी टोकियोतल्या तोझाई मेट्रो लाइनच्या त्या जगप्रसिद्ध चेंगराचेंगरीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने फोन उघडला आणि दिवसाचं वाटोळं झालं. आपल्याच मराठी ग्रुपमधल्या एकाचं रील. कोयासानचं, म्हणजे ओसाकाच्या बाजूच्या देवळांच्या डोंगराचं. तिथल्या ओकुनोइन या दफनभूमीतला, समाधीआधीचा शेवटचा पूल ओलांडून पलीकडे काढलेलं. मागे हिंदी सिनेमातलं गाणं आणि खाली ‘सीक्रेट जपान, कुणाला सांगू नका’. त्याखाली आणखी कुणीतरी मला टॅग करून, ‘ताई, तू तिथेच राहतेस ना, अशा गर्दी नसलेल्या जागांची यादी टाक की. पुढच्या महिन्यात येतोय. रीलसाठी भारी स्पॉट पाहिजेत.’

नाही टाकणार.

आणि सीक्रेट कसलं डोंबलाचं? ८१६ साली कुकाई नावाच्या भिक्षूला सम्राटाने हा डोंगर दिला, तेव्हापासून माणसं वर चढतायत. २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून गाडी पकडायची, पुढे केबल कार, वर गेलं की बस. सगळीकडे इंग्रजी पाट्या. हे सीक्रेट असेल तर शनिवारवाडाही सीक्रेट.

त्या पुलाच्या अलीकडे पाटी आहे, चित्रांसकट. फोटो नको, टोपी काढा, खाणंपिणं नको. कारण पलीकडे कुकाई बसलाय. त्याने स्थापलेल्या शिंगोन या बौद्ध पंथाची माणसं तो ‘वारला’ असं म्हणतच नाहीत. ८३५ साली तो समाधीत बसला, अजून बसलाय. रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीतून त्याचं जेवण घेऊन तो पूल ओलांडतात. एकही दिवस खाडा नाही. आता हे आळंदी ठाऊक असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं का? एखाद्या अमेरिकन पोराला नाही कळलं तर मी सोडून देईन. आपल्याला?

माझ्या आईला नव्हतं समजवावं लागलं. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती इकडे आली होती. गळ्यात माळ, कार्तिकीला आळंदी न चुकवणारी बाई. टोकियोतलं काही तिला पटेना. ‘स्वच्छ आहे हो, पण पुढे काय?’ म्हणून कोयासानला नेलं. बस पार आतपर्यंत जाते, पण आम्ही ओकुनोइनच्या सुरुवातीच्या इचिनोहाशी पुलापासून चालत निघालो. तिथून समाधीपर्यंत दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंना सुगी नावाची, शेकडो वर्षांची उंच झाडं आणि त्यांच्या मुळांत दोन लाखांहून जास्त थडगी नि स्मारकं. दगडांवर शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर बोटं रुततात. एकावर एक पाच दगड रचलेले, खाली चौकोनी, मग गोल, मग त्रिकोणी, मग अर्धचंद्र, टोकाला रत्नाचा आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘मग आपलंच की.’ एकमेकांशी वर्षानुवर्षं लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे दोन सरदार इथे जवळजवळ समोरासमोर आहेत. ते ऐकून तिला गावातले दोन भाऊबंद आठवले, नावं सांगत नाही.

त्या शेवटच्या पुलाच्या अलीकडे नदीकाठी जिझोंची, म्हणजे गेलेल्यांना सांभाळणाऱ्या बोधिसत्त्वांची, आणि इतर मूर्तींची रांग आहे. गेलेल्या माणसासाठी त्यांच्यावर पाणी घालायचं. शेजारी पांढऱ्या कपड्यातल्या, काठी घेतलेल्या एक आजी होत्या. शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं पायी करणारे लोक शेवटी इथे येऊन कुकाईला सांगून जातात, त्यातल्या असाव्यात. आईने त्यांचं बघितलं, लांब दांड्याची पळी उचलली आणि बाबांचं नाव घेऊन पाणी घातलं. मी काहीच बोलले नव्हते. तेवढ्यात सेल्फी स्टिक घेतलेला एक गृहस्थ ‘एक्सक्यूज मी’ म्हणत आला आणि दंडाला धरून तिला बाजूला सरकवलं. पळी हातातच. मूर्तीचा क्लीन शॉट हवा होता त्याला.

देश सांगत नाही. मराठी नव्हता एवढं समाधान तेव्हा होतं. आज तेही गेलं.

माझा राग गर्दीवर नाहीये, नीट वाचा. २०२४ मध्ये जपानमध्ये ३ कोटी ६८ लाख परदेशी लोक येऊन गेले, गर्दी होणारच. त्याच वर्षी क्योतोच्या गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या, घुसलात तर दहा हजार येन दंड. फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी दिसतो म्हणून इतकी झुंबड, की गावाने वैतागून अडीच मीटर उंच काळा पडदा लावला. डोंगर झाकायला पडदा! आणि त्या जागा नासल्या म्हणून आता ‘ऑफबीट’ पाहिजे. म्हणजे एक ताट उष्टं करून झालं, आता दुसरं वाढा.

हो, उद्या कुणीतरी लिहीलच, ‘आपल्या वारीत काय लोक गप्प चालतात?’ नाही चालत. आणि टाळ-मृदंग मला प्राणाहून प्रिय आहेत. पण टाळ वाजवणारा पांडुरंगाकडे बघत असतो, कॅमेऱ्याकडे नाही. विषय संपला. आणि जपान्यांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. याच डोंगरावर बायकांना बंदी होती, १८७२ साली सरकारने ती उठवली. तोवर बायका वेशीवरच्या न्योनिन्दोत, म्हणजे बायकांसाठीच्या देवळात, थांबायच्या आणि कडेकडेच्या डोंगरवाटेने लांबून समाधीला नमस्कार करून परतायच्या. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तरी यायच्याच ना.’

असो. आईचं पुढचं सांगते, जरा डोकं शांत होईल.

पुलापाशी तिने बूट काढायला घेतले. समाधीला पायताण घालून जायचं म्हणजे काय! त्या पांढऱ्या कपड्यातल्या आजी हातवारे करून सांगतायत, राहू दे, राहू दे. आई मराठीत सांगतेय, अहो असं कसं. दोघी एकमेकींना वाकून वाकून नमस्कार करतायत. शेवटी तिने बूट पायातच ठेवले आणि संध्याकाळपर्यंत मला ऐकवत राहिली की तुझ्यामुळे बूट घालून गेले. (माझ्यामुळे!) फोन मात्र तिने आपणहून पिशवीत, रुमालाखाली टाकला होता.

रात्री देवळातच राहिलो. डोंगरावरची पन्नासेक देवळं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. आणि जपानला येताना बॅगभर ठेपले, मॅगी, लोणची आणणाऱ्या मंडळींनो, त्या देवळातलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचा तोफू, गोठवून वाळवलेला कोयादोफू, भाज्यांचं तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या. तरी टूरच्या बसेस दुपारी येतात, जवळच्या वाटेने पळत समाधी उरकतात आणि पनीर खायला संध्याकाळच्या आत ओसाकाला परत. मग हेच लोक म्हणणार, जपानमध्ये शांत जागाच उरली नाही. संध्याकाळी शेवटच्या बसेस गेल्या की सगळं ओकुनोइन रिकामं होतं, वाटेवरचे दगडी दिवे लागतात. थांबलात तर दिसेल ना!

मुक्काम महाग आहे, मान्य. दोन वेळच्या जेवणासकट माणशी दहा-पंधरा हजार येन तरी लागतातच, जास्तही, आणि चौघांचं कुटुंब असेल तर बजेट कोलमडतं. पण तुमच्या प्रवासात कुठल्यातरी कॅफेत हेजहॉगशी खेळायला पैसे निघतात, म्हणून बोलले.

पहाटे देवळात होम होता. खरोखरचा होम, अग्निकुंड, समिधा, मंत्र, वर ढोल. आई मांडी घालून बसली, शेजारचा जर्मन मुलगा पाय अवघडून चुळबुळत होता, त्याला तिने खुणेने मांडी घालायला लावली. कुणीच फोन काढला नाही. सांगणारं कुणी नव्हतं, तरी नाही काढला.

तर यादी. माझ्याकडे यादी नाही, एकच पत्ता आहे आणि तो वर लिहिलाय. पुढच्या महिन्यात माझी मावसभावंडं येतायत, त्यांनाही हेच सांगितलंय. नांबाची गाडी, एक रात्र, पुलाअलीकडे फोन पिशवीत. धाकट्याने कुरकुर केली की तिथे करायचं काय. त्याला डिस्नीलँडचं तिकीट काढून देणार आहे. छान आहे डिस्नीलँड, मी स्वतः आवडीने जाते, आणि तिथे हवी तेवढी रील्स काढा.

रील टाकणाऱ्याला कुणी टॅग करू नका. मी त्याला फोन करणारच आहे.