अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सर्वांना मत होते, हे खरे नाही

निवडणुकीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘अमेरिकेने १७७६ मध्येच सर्वांना मताधिकार दिला. तिथे दारू-पैशाचा खेळ नव्हता, प्रचार सभ्य होता आणि पुढे लोकांचे हक्क वाढतच गेले.’ यातले एकही विधान टिकत नाही.

पहिले तर उघडच चूक आहे. बहुतेक राज्यांत जमीन किंवा मालमत्ता असेल, निदान कर भरला असेल, तरच मत होते. गुलामांना तर मत नव्हतेच. १८०० साली १६ पैकी केवळ ५ राज्यांत राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक, म्हणजे प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, लोकांनी निवडले. बाकी ठिकाणी ते काम विधिमंडळांनी उरकले.

दारूचे म्हणाल तर थेट जॉर्ज वॉशिंग्टनपर्यंत जावे लागते. १७५८ मध्ये व्हर्जिनियाच्या प्रांतिक सभागृहासाठी ते उभे होते. स्वतः लष्करी कामावर, मतदारसंघात हजरही नव्हते. मतदार जेमतेम चारशे. त्यांच्यासाठी रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर (सफरचंदाची दारू) मिळून दीडशे गॅलनच्या आसपास दारू वाटली गेली. वॉशिंग्टन निवडून आले. १७७७ मध्ये व्हर्जिनियाच्याच विधिमंडळाच्या निवडणुकीत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसन यांनी दारू पाजायला नकार दिला आणि ते पडले. व्हर्जिनियात मतदानही गुप्त नव्हते. मतदार सर्वांदेखत उमेदवाराचे नाव उच्चारायचा.

सभ्य प्रचार? १८२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांना विरोधी वृत्तपत्रांनी व्यभिचारिणी ठरवले, कारण पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट पूर्ण होण्याआधी त्यांचे दुसरे लग्न झाले होते. जॅक्सन सेनापती असताना त्यांच्या हुकमाने मृत्युदंड झालेल्या सैनिकांच्या काळ्या शवपेट्या छापलेली पत्रके गावोगाव वाटली. निकालानंतर, शपथविधीआधीच रेचेल वारल्या.

तरीही याच काळात लोक घराबाहेर पडले, हे मान्य करायलाच हवे. १८२४ मध्ये मतदान २७ टक्क्यांच्या आसपास होते, ते १८२८ मध्ये ५७ आणि १८४० मध्ये ८० टक्क्यांवर गेले. निर्वाचक थेट लोकांनी निवडण्याची पद्धत जवळपास सगळीकडे आली होती आणि पक्षांनी खालपर्यंत संघटना बांधली होती. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन साधे माणूस आहेत हे दाखवायला त्यांचा प्रचार ओंडक्यांच्या झोपड्या उभारून आणि सायडरची पिंपे फोडून झाला. उमेदवार मात्र व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातला. पण ही टक्केवारी ज्यांना मत होते त्यांच्यातलीच, म्हणजे मुख्यतः गोऱ्या पुरुषांची.

‘हक्क वाढतच गेले’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात माणसे गाळली जातात. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होते. त्यामुळे तिथे अविवाहित स्त्रिया, विधवा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदान करत. १८०७ मध्ये एसेक्स काउंटीत न्यायालयाची इमारत कुठे बांधायची यावर मतदान झाले. त्यात प्रचंड बोगस मते पडली, पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा मत दिल्याचे आरोप झाले. त्याच वर्षी सुधारणेच्या नावाखाली कायदा आला. कर भरणाऱ्या गरीब गोऱ्या पुरुषाला मत मिळाले; स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे त्याच कायद्याने गेले.

न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट काढली, कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये त्यांचे मतच काढून घेतले. ते वंशावरून मत नाकारायला बंदी घालणाऱ्या १८७० च्या १५ व्या घटनादुरुस्तीने परत आले. न्यू जर्सीतल्या स्त्रियांना १९२० पर्यंत थांबावे लागले, म्हणजे ११३ वर्षे.