लोखंडाचे पैसे कुठं जात नाहीत

जमीन सपाट करायला लोक जेसीबी भाड्याने आणतात, तासाला हजार-बाराशे रुपये मोजतात, बांधावर उभं राहून धूळ खातात आणि मोकळे होतात. मला हे कधी पटलं नाही. भाड्याच्या मशीनपुढे मालकाचं रक्त आटतं. ऑपरेटर तंबाखू मळायला लागला की त्याच्या तळहातावर आपल्याला आपले चाळीस रुपये मळले जाताना दिसतात. शिवाय पुरंदर तालुक्यातलं आमचं रान उताराचं. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा पत्थर. अंजिराची बाग लावायची तर आधी टप्पे पाडायला हवेत. जेसीबी उकरतो छान, पण माती लोटत नेऊन पसरायचं काम डोझरचं. हे सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग डोझर भाड्याने आणा." एवढी सोपी सूचना इतक्या लवकर आली की चर्चेत पुढे काही मजाच राहिली नाही.

जुन्या डोझरची किंमत दोन तऱ्हांनी ठरते. एक, तो काम किती करील यावरून. दुसरी, तो काट्यावर किती भरेल यावरून. दुसरी जास्त भरवशाची. विकणारा कंत्राटदार पहिल्या किमतीबद्दल फारसं बोललाच नाही. "साहेब, अकरा टन माल आहे. किलोला तीस रुपये धरा. तीन लाख तीस हजार तर नुसते उभे आहेत. लोखंडाचे पैसे कुठं जात नाहीत." या वाक्याला उत्तर नाही. मी पुढे ते स्वतः बऱ्याच लोकांना ऐकवलं.

बघायला जाताना सोबत मेस्त्री नेला होता. सकाळी सातला पोचलो तरी बॉनेट गरम होतं, म्हणजे थंडीत सेल न घेणाऱ्या इंजिनाला पाहुणे यायच्या आधीच जागं करून ठेवलेलं. मेस्त्रीने ऑइलचं झाकण उघडलं, आतून धूर भकाभका वर आला. "बॅक कॉम्प्रेशन आहे." म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. स्प्रॉकेटचे, म्हणजे डोझरची चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात झिजून त्रिशूळासारखे टोकदार झाले होते. तासांचा मीटर बंद होता आणि कधीपासून बंद आहे हे मीटरलाच माहीत. पिवळा रंग मात्र ताजा. इतका ताजा की मेस्त्रीच्या पॅंटला लागला. मी मेस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणता?" तो म्हणाला, "घ्यायचाच असेल तर बघता कशाला, आणि बघायचं असेल तर घेता कशाला?" मी घेतला. टोकदार दातांचासुद्धा एक रुबाब असतो.

डोझर रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, चाकांच्या जागी असलेली लोखंडी चेन डांबर उखडते. त्यासाठी ट्रेलर लागतो आणि ट्रेलरवाल्याला घाई कधीच नसते. गावात शिरेपर्यंत रात्र झाली. विजेच्या तारा लांब बांबूने उचलून धरायला अर्धी आळी बाहेर आली. पोरं ओरडत होती, "जेसीबी आला, जेसीबी आला!" मी सुरुवातीला दुरुस्ती करत होतो. मग सोडून दिलं. आपल्याकडे जमिनीवर जे काही पिवळं आणि मोठं चालतं ते जेसीबी.

चालवायला शिकणं ही वेगळीच साधना. मोटारीत पेडल दाबलं की वेग वाढतो. इथे हाताने इंजिन पूर्ण वेगावर ठेवायचं आणि पायातलं पेडल दाबलं की वेग कमी होतो. घाबरलेला माणूस पाय आखडून घेतो. इथे पाय आखडला की गाडी उसळून पुढे. म्हणजे भीती वाटली की पाय घट्ट दाबायचा, धीर आला की सोडायचा. पन्नाशीनंतर शरीराला हे पटवणं सोपं नाही.

वळायला स्टीअरिंग नाही, दोन दांडे. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी चेन ढकलत राहते आणि गाडी डावीकडे वळते. इथपर्यंत कुणालाही समजेल. पण उतारावर इंजिन गाडीला ढकलत नसतं, अडवत असतं. तिथे ब्रेक न लावता डावा दांडा ओढला की डाव्या चेनचा अडसर सुटतो, ती बाजू पुढे पळते आणि गाडी वळते उजवीकडे. आमचं सगळं रानच उताराचं. जाताना एक नियम, येताना दुसरा. आणि उजवीकडे तात्यांचा बांध.

बांधाशेजारी डोझर चालू झाला की शेजाऱ्याची झोप उडते, हे महाराष्ट्रात सांगायला नको. तात्यांनी पहिल्याच सकाळी आपली बाज आणून बांधावर टाकली आणि तिच्यावर बसून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. दुपारी त्यांचं जेवण तिथेच यायचं. "दादा, सरकारी मोजणी आणूया का?" हा प्रश्न ते रोज अतिशय प्रेमाने विचारत. एकदा उतारावर डोझरचं पुढचं पातं बांधाच्या दिशेने वळायला लागलं तेव्हा मी ओरडलो, "तात्या, डावीकडे वळवतोय!" त्यांनी गाडी उजवीकडे येताना पाहिली आणि बाज उचलून पळाले. तेव्हापासून माझ्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला. तांत्रिक बाजू त्यांनी ऐकूनच घेतली नाही.

मुरूम निघायला लागला तसे मागणारेही उगवले. गौण खनिजाची भानगड मला ठाऊक होती. आपल्या रानातला मुरूम आपल्याच रानात लोटला तर गोष्ट वेगळी, पण परवानगीवाचून बाहेर गेला तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४८ आहे, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि मशीन जप्त होऊ शकतं. हे शेवटचं ऐकून बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आशा दिसली.

मग ओढ्याकाठच्या काळ्या रानात डोझर रुतला. बेंजामिन होल्ट नावाच्या माणसाने १९०४ साली कॅलिफोर्नियात चाकांच्या जागी चेन लावून पाहिली ती याचसाठी, की तिथल्या नदीमुखाच्या पोकळ मातीत त्याची जड वाफेची यंत्रं रुतत होती. चेनमुळे वजन पसरतं. आमचा अकरा टनांचा डोझर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला जवळपास तेवढाच दाब देतो जेवढा उभा माणूस पावलाखाली देतो. ही माहिती मी गुडघाभर चिखलात उभा राहून मेस्त्रीला देत होतो. तो म्हणाला, "साहेब, मग तुम्हीबी रुतलाय की." शेवटी बाभळीचा ओंडका दोन्ही चेनला आडवा बांधला. चेन फिरली, ओंडका खाली गेला, गाडी त्याच्यावर चढून वर आली. होल्टसाहेबांकडे बहुधा बाभळी नव्हत्या.

खरा खर्च इंजिनाचा नसतो, खालच्या अंगाचा असतो: चेन, आणि ती ज्यांच्यावर फिरते ते रोलर, आयडलर, स्प्रॉकेट. चेन ढिली झाली की नळीत ग्रीस भरून ताणायची. न ताणल्यास वळताना उतरते आणि मग पहार, जॅक, घण आणि गावातली सगळी रिकामी माणसं लागतात. चेनच्या सांध्यातले बुश एका अंगाने झिजले की प्रेसवर काढून अर्धं फिरवून पुन्हा बसवायचे, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते. इतकी काटकसरीची रचना मी दुसऱ्या कुठल्याही यंत्रात पाहिली नाही. हे मी बायकोला प्रेसवाल्याचं बिल दाखवता दाखवता सांगितलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात रोलर मागितला की माणूस मान वर न करता म्हणतो, "सॅम्पल आणा." सॅम्पल म्हणजे दोघांनी उचलायचं लोखंड. ते घेऊन गेलं की तो एकदाच बघतो आणि विचारतो, "ओरिजिनल देऊ, की लोकल?" ओरिजिनलचा भाव ऐकल्यावर माझ्या तोंडून लोकल येतं. मग मेस्त्री ते बघून काही बोलत नाही. त्याचं न बोलणं लोकलपेक्षा महाग पडतं.

रानात बॅटऱ्या रात्रीत चोरीला जातात, म्हणून दोन्ही काढून पुण्याला घरी आणायच्या. त्या गॅलरीत तुळशीशेजारी असतात. डिझेल तासाला बारा-पंधरा लिटर पितो, आणि टाकी कोरडी पडू दिली की इंजिन हवा धरतं. मग नट ढिले करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघा. या वाट बघण्यात माझी अख्खी दिवाळीची रजा गेली. खंडेनवमीला मात्र झेंडूची माळ, पात्याला हळद-कुंकू आणि जेजुरीचा भंडारा असा थाट असतो. त्या दिवशी तो एका सेलमध्ये चालू होतो. मेस्त्रीचं म्हणणं, रोजच भंडारा टाकून बघायला पाहिजे.

गावात मानही वाढला. निवडणुकीत कार्यकर्ते आले, मिरवणुकीत साहेबांवर वरून फुलं उधळायला मशीन पाहिजे. मी सांगितलं, हा डोझर आहे, याचं पातं जेमतेम कमरेपर्यंत उचलतं, फुलं साहेबांच्या पायांवर उधळावी लागतील. त्यांनी विचार केला. म्हणाले, तेही चालेल. पण त्या आठवड्यात चेन उतरलेली होती.

टप्पे किती झाले, असं लोक विचारतात. मी म्हणतो, एक झाला, दुसरा होतोय. पण या दरम्यान गिअरबॉक्सचे सील मला डोळे मिटून ओळखता येतात, हे कुणी विचारत नाही.

यंदा पावसाळ्याआधी मेस्त्रीने तोडगा काढला. "साहेब, दुकानात किती घालणार? पार्टसाठी एक मेलेला उचलून टाका." याच मॉडेलचा एक डोझर एका खाणीवर गवतात पडून होता. मालकाने स्वतःच सांगितलं, याचं काही खरं नाही, फक्त काट्यावर भाव. असा प्रामाणिक माणूस या धंद्यात प्रथमच भेटला. बायकोला मी लोखंडाचं वाक्य ऐकवलं. तिने ते माझ्याआधी पूर्ण केलं.

ट्रेलर आला, बांबू आले, तात्यांची बाज आली. दोन्ही डोझर शेजारी उभे केले. खोलायला सुरुवात करण्याआधी, बघू तरी कुठवर मेलाय म्हणून मेस्त्रीने गॅलरीतल्या बॅटऱ्या नव्या डोझरला जोडल्या, टाकीत कॅनभर डिझेल ओतलं, हवा काढली आणि सेल मारला. पहिल्याच सेलला इंजिन लागलं. धूर नाही, खडखड नाही. मेस्त्रीने ऑइलचं झाकण उघडून हात धरला, हात कोरडा. चेनवर थाप मारून पाहिली. मग पाना हातात घेऊन तो दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "आता खोलायचा कुठला?"