नामिबियाचं उदाहरण अर्धंच सांगितलंय
बाहेरून मशीन आणि ट्रेनिंग मिळालं की निवडणूक आयोग आपोआप स्वतंत्र होतो, हे दुसऱ्या देशांना निवडणुकीसाठी मदत देण्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. नामिबियाने २०१४ ला आपल्याकडची ईव्हीएम वापरली हे खरंय, पण कागदी पुरावा निघत नाही म्हणून २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच ती थांबवली आणि परत मतपत्रिका आल्या, हे का नाही लिहिलं?

मी सोलापूरचा शिक्षक, अक्कलकोट तालुक्यात केंद्राध्यक्षाची ड्युटी केलीय. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर ५० मतांचा मॉकपोल (चाचणी मतदान) आणि संध्याकाळी १७-सी ची (किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची) सही केलेली कॉपी त्यांच्या हातात, तिथं विश्वास बसतो ओ, कारण आकडा एजंटाने स्वतः लिहून घेतलेला असतो. मदत द्यायचीच तर ही पद्धत शिकवा. आणि निवडणूक आयुक्त कोण नेमणार यावर लेखात एक ओळ नाही!