खुलासा : ‘लहानपणीचा मार आठवत नाही’ हे अर्धंच खरं
सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय : लहान मुलांना काही आठवत नाही, तेव्हा त्या वयातल्या माराचा परिणाम राहत नाही.

पहिल्या तीनेक वर्षांतले प्रसंग मोठेपणी सहसा आठवत नाहीत, एवढंच यात खरं. प्रसंग पुसला तरी त्यातून बसलेली अपेक्षा राहते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी तिला नात्यांचा मनातला आराखडा मानलं : मी जवळ घेण्याजोगा आहे का, समोरचा हाकेला येईल का? जिच्याकडे धाव घ्यायची तीच व्यक्ती मारत असेल, तर तिला वाईट ठरवणं मुलाला परवडत नाही. मग ‘मीच वाईट’ हे सोपं पडतं. अशी मुलं चेहऱ्यावरचा राग अगदी पुसट खुणांवरून ओळखतात, हे प्रयोगांत दिसलंय. घरी ते उपयोगी. बालवाडीत मात्र बाईंच्या नुसत्या आठ्यांनीही मूल थिजतं किंवा अंगावर धावतं, आणि आपण ‘हट्टी’ म्हणून मोकळे!

मार खाल्लेली मुलं मोठेपणी मारकुटीच होतात, हा समजही चूक. धोका वाढतो, एवढंच.

हात उचलला गेलाच, तर त्याच दिवशी ‘चूक माझी होती’ म्हणा. ‘पण तू ऐकत नाहीस’ ही पुस्ती नको. मार थांबतच नसेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास.