क्रम चुकलेलं पॅकेट म्हणजे हरवलेलं पॅकेट नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिनक्समध्ये पॅकेटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) क्रम सोडून आली तर काय होतं, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय.

पहिला आक्षेप मान्य. क्रम सोडून आलेली टीसीपी (डेटा क्रमाने आणि पूर्ण पोचवण्याची नेटवर्क पद्धत) पॅकेटं लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, साध्या यादीत ठेवतो, असं मी लिहिलं होतं. ते जुनं झालं. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून तिथे रेड-ब्लॅक ट्री (झटपट शोधता येणारी झाडासारखी रचना) आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. अर्थात ट्रीनेही सगळं निभावलं नाही. बफर (आलेली पॅकेटं ठेवायची मेमरी) भरल्यावर रांग आवरणारा कोड महाग पडायचा, आणि बारीक बारीक पॅकेटं मुद्दाम उलटसुलट पाठवून सीपीयू गुंतवता यायचा. २०१८ मध्ये उघड झालेली ‘सेगमेंटस्मॅक’ त्रुटी ती हीच.

दुसरा आक्षेप: ‘क्रम चुकला काय आणि पॅकेट हरवलं काय, कर्नल निस्तरतो. प्रोग्रॅमरला काय फरक पडतो?’ हे मला अजिबात पटत नाही.

समजा १००० पर्यंतचे बाइट आले, मग २००१ ते ५००० आले, मधले हजार मागे राहिले. पुढचे तीन हजार मेमरीत आहेत, तरी तुमच्या रीड कॉलला (प्रोग्रॅमने डेटा मागण्याला) त्यातला एक बाइटही मिळत नाही. दरम्यान कर्नल प्रत्येक पुढच्या पॅकेटला ‘मला १००१ हवाय’ अशीच पोच देतो, आणि सॅक (मधलं राहिलं तरी पुढचं काय मिळालं ते कळवायची सोय) असेल तर २००१ पासूनचे मिळाल्याचंही कळवतो. जुन्या नियमाने अशा तीन दुबार पोचा आल्या की पाठवणारा पॅकेट हरवलंच असं धरतो, ते पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. वेग ठरवणाऱ्या पद्धतींपैकी रीनोत निम्मा, क्युबिकमध्ये सुमारे ७० टक्क्यांवर. आणि ते पॅकेट तर वाटेतच असतं!

मी हे भोगलंय. दोन सर्व्हरांमध्ये दोन केबल टाकून पॅकेटं आळीपाळीने पाठवणारं बाँडिंग लावलं होतं. एकाच कनेक्शनवरच्या बॅकअपचा वेग दुपटीच्या आसपासही गेला नाही. दोन दिवस केबली बदलल्या. त्या धडधाकट होत्या. हरवत काहीच नव्हतं, नुसता क्रम चुकत होता.

‘दोन्ही एकच’ असतं, तर कर्नल लिहिणाऱ्यांनी एवढा खटाटोप केला नसता. लिनक्स तीन दुबार पोचांच्या उंबरठ्यावर अडून राहत नाही. उशिरा पोचलेली पॅकेटं दिसली की तो हा उंबरठा वाढवतो, मूळ सेटिंगमध्ये ३०० पर्यंत. रॅक पद्धत तर पोचा मोजण्याऐवजी किती वेळ गेला ते पाहते.

तुमच्या सर्व्हरवर एनस्टॅट (नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) चालवून पाहा. घेणाऱ्या बाजूचा ‘टीसीपीओएफओक्यू’ हा क्रम सोडून आलेल्या पॅकेटांचा आकडा पॅकेट हरवल्यावरही वाढतो, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पाठवणाऱ्या बाजूचा ‘टीसीपीसॅकरीऑर्डर’ हा क्रम चुकल्याचा आकडा वाढतोय का, ते बघा आणि इथे जरूर कळवा.