ख्रिस्ताला सोडून गेलेल्याला परत माफी नाही म्हणता? बायबल तसं म्हणत नाही

आपल्या वरुड-मोर्शीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला, तुमच्याकडेही आला असेल. ज्यानं विश्वास धरून नंतर ख्रिस्ताला नाकारलं त्याला देव कधीच परत घेत नाही, त्याच्यासाठी प्रार्थनाही करू नका, अन् पुराव्याला तीन वचनं. ज्या मायचं लेकरू चर्च सोडून गेलं तिनं हे वाचून काय करायचं? म्हणून लिहितो.

पहिलं मत्तय 10:33, जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही नाकारीन. हे येशूच बोलला, खरं आहे. पण ऐकणाऱ्या बारा जणांत पेत्र होता अन् त्यानंच पुढे एका रात्रीत तीनदा नाकारलं, तेही शपथा घेऊन. मग झालं काय? मार्क 16:7 मध्ये रिकाम्या कबरेजवळ बायांना निरोप मिळतो, शिष्यांना सांगा अन् पेत्राला सांगा, म्हणजे ज्यानं नाकारलं त्याचंच नाव वेगळं घेतलं. योहान 21 वाचा, किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजून येशूनं त्याला जेवू घातलं, माझ्यावर प्रेम करतो का म्हणून तीनदा विचारलं अन् तिन्ही वेळा आपली मेंढरं त्याच्या हाती दिली. नुसती माफी नाही, काम परत दिलं!

दुसरं मार्क 3:29, पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच माफी नाही. मेसेजवाल्यानं 28 अन् 30 काऊन सोडलं? 28 मध्ये सगळ्या पापांची माफी सांगितली, 30 मध्ये कारण दिलं की यरुशलेमहून आलेले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारे, येशूच्या कामाला अशुद्ध आत्म्याचं काम म्हणत होते. आपल्या हातून ते पाप झालं का म्हणून ज्याची झोप उडाली, तो माणूस त्या शास्त्र्यांसारखा नाहीच.

तिसरं इब्री 6:4-6, एकदा प्रकाश मिळूनही जे पडले त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य. हे कठीण आहे, इशारा खरा आहे, हलक्यात घेऊ नका. पण 6:9 मध्ये तोच लेखक म्हणतो की तुमच्याबद्दल आम्हाला चांगल्याचीच खात्री आहे. अन् हा वाद लय जुना. इ.स. 250 ला रोमी सम्राट डेसियसनं सगळ्यांना देवतांना बळी द्यायला लावलं, कित्येक ख्रिस्ती लोकांनी दिले, काहींनी बळी दिल्याचे खोटे दाखले विकत घेतले. नंतर ते रडत परत आले तेव्हा रोमचा पाळक नोवाटियन म्हणाला घ्यायचंच नाही, पण कार्थेजचा बिशप सिप्रियाननं अन् तिथल्या 251 च्या सभेनं पश्चात्तापानंतर परत यायची वाट ठेवली. 325 च्या नायसिया परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेनं, तर मरणाला टेकलेल्याला प्रभुभोजन नाकारू नका असं ठरवलं.

राहिलं प्रार्थना करू नका हे. रोमकरांस 10:1 मध्ये पौल ख्रिस्ताला नाकारणाऱ्या आपल्याच यहुदी लोकांसाठी प्रार्थना करतो. पुढे 11:23 मध्ये त्यांनाच जैतुनाच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या धरून म्हणतो की त्याही देव परत कलम करू शकतो. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करणाऱ्या आपल्या माणसाला विचारा, तुटून पडलेली फांदी कोणी बांधत नाही. पौलही तिथं माणसाच्या हातचं सांगत नाही, देवाच्या सामर्थ्याचं सांगतो, अन् अट एकच लावतो, अविश्वासात राहू नये.