'एक जाणकार' यांना उत्तर: शार्क, मगर आणि 'रिकामटेकडा' हा शब्द

मागच्या आठवड्यात महाकाय शार्कच्या स्वस्तातल्या भयपटांवर लिहिलं होतं, त्याखाली 'एक जाणकार' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. काल रात्री ती तीनदा वाचली. खाली दोन ओळी लिहून भागणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेगालोडॉन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क, त्याच्या दाताचं माप मी चुकवलं, असं त्यांचं म्हणणं. असले सिनेमे बघून पोरांना तो मासा अजून समुद्रात जिवंत आहे असं वाटतं, हे पुढचं. बाईमाणसाला यात किंचाळण्यापलीकडे काम नसतं आणि या कंपन्या पैसे नाहीत म्हणून नव्हे तर मोठ्या सिनेमाच्या नावावर माल खपवायला मुद्दाम असलं काढतात, त्यामुळे त्यात कारागिरी शोधणं भाबडेपणाचं आहे, हेही आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "असले सिनेमे मित्रांबरोबर हसायला बघायचे असतात, ते गंभीरपणे घेणारा माणूस एकतर कॉलेजातला पोरगा असावा नाहीतर रिकामटेकडा."

दाताचं आधी. आपलं बरोबर आहे. १८ इंच लिहिलं गेलं होतं, ते १८ सेंटीमीटर हवं. मेगालोडॉनचे मोठ्यात मोठे दात साधारण तेवढे सापडले आहेत. चूक माझी, काल रात्रीच दुरुस्त केली, आणि दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता शेवटचं वाक्य.

मी भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काम करतोय. पहिली पाळी असली की पाचला घर सोडतो. हे सिनेमे मी रविवारी दुपारी बघतो, तेही घरचं सगळं उरकून. हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, कारण सिनेमावर लिहिणाऱ्याने आधी आपल्या हजेरीचा दाखला जोडावा, असा नियम मी आजवर ऐकलेला नाही. पण आपण विचारलंत, म्हणून सांगितलं. कॉलेजातला पोरगा तर मी नाहीच. माझी मुलगी कॉलेजात आहे.

हसण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपलं आणि माझं खरं वाकडं आहे.

१९९१ साली मी नववीत होतो. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीतल्या मंडळाने त्या वर्षी गजेंद्रमोक्षाचा हलता देखावा करायचं ठरवलं. हत्ती भाड्याने मिळाला. मगर मिळेना, म्हणून ती आम्हीच केली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खुराड्याची जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं किलतान. जबड्याला दाराच्या बिजागऱ्या. तो उघडझाप करायला जुन्या बाजारातून आणलेली फियाटची वायपरची मोटर, तिला लोखंडी पट्टी, आणि मागे पडद्याआड बारा व्होल्टची बॅटरी. दात करायचं काम माझ्याकडे होतं. थर्माकोलचे चाळीस दात पॉलिश पेपरने घासून टोकदार केले आणि त्यावर पांढरा ऑइलपेंट लावला. माझ्या डोळ्यांदेखत सगळे दात विरघळले. रंगातलं थिनर थर्माकोल खातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग पुन्हा चाळीस कापले, प्रत्येकावर फेविकॉलने वर्तमानपत्राचा कागद चिकटवला, वाळवला आणि मग रंगवला. बोटांची सालं निघाली होती.

चौथ्या दिवशी रात्री पाऊस आला. ताडपत्री फुगली, मोटरीत पाणी गेलं आणि जबडा अर्धा उघडा राहिला तो राहिलाच. बाहेर रांग लागलेली. देखावा बसवणारे काका दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग म्हणाले, मगरीवरचा दिवा काढा, पाण्यावरच्या दिव्याला हिरवा जिलेटिन कागद लावा, हत्तीची सोंड तेवढी उजेडात ठेवा आणि निवेदनाची कॅसेट मोठ्याने लावा. एक पोरगा देखाव्यातल्या पाण्याच्या टाकीमागे बसून काठीने पाणी ढवळत राहिला. तो मीच. त्या रात्री मगर कुणालाच धड दिसली नाही आणि लहान मुलं आईच्या पदराआड गेली. आधीचे तीन दिवस मगर स्पष्ट दिसत होती, तेव्हा एकही घाबरलं नव्हतं.

'जॉज'बद्दल मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. १९७५च्या त्या सिनेमासाठी केलेले यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखे बंद पडायचे. ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवस चाललं. शार्क चालेना म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो दाखवायचाच कमी केला; पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सचं संगीत यांवर काम भागवलं. हे वाचताना मला हिरवा जिलेटिन आठवला आणि अंगावर काटा आला. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मला वाटत नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या काकांना आणि हॉलिवूडच्या माणसाला एकाच अडचणीतून एकच वाट सापडली होती.

तेव्हापासून मी असं काही बघतो ते त्या टाकीमागून बघतो. २००२ सालचा 'शार्क अटॅक ३: मेगालोडॉन' घ्या. बल्गेरियात चित्रित झालेला, थेट व्हिडिओवर आलेला सिनेमा. त्यात पाण्यातून एक जबडा वर येतो आणि माणसांनी भरलेली होडी अख्खी आत जाते. लोक या दृश्याला हसतात. तुम्हीही हसला असाल. आता ते थांबवून बघा. तो शार्क खरा आहे. खऱ्या ग्रेट व्हाइट शार्कचं चित्रण घेऊन, ते मोठं करून, त्यात होडी आणि माणसं बसवली आहेत. कडेला पाणी जुळत नाही, कात्रीने कापल्यासारखं दिसतं. पण जबडा, हिरड्या, दातांच्या मागे दातांची दुसरी ओळ, सगळं खरं आहे. १३ कोटी डॉलरहून जास्त खर्चून केलेल्या २०१८च्या 'द मेग'मध्ये मला ते मिळालं नाही. तिथला शार्क गुळगुळीत आहे, सुरेख आहे, आणि त्याच्या हिरड्यांकडे बघावंसं मला एकदाही वाटलं नाही.

आणि या माशाचं आणखी एक आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो मागे उरत नाही. मेगालोडॉनचे दात मिळतात, थोडे मणके मिळतात, बस. म्हणूनच लांबीचे अंदाज १५ ते २० मीटर असे हलतात, आणि २०२५च्या एका अभ्यासात तर तो २४ मीटरपर्यंत जाईल असं म्हटलं आहे. अख्खा प्राणी कुणी पाहिलेलाच नाही. पैसेवाला असो की कडका, पडद्यावर तो करणाऱ्याला दातांवरूनच पुढचा देह उभा करावा लागतो. मी चाळीस दात केलेत, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. १९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन' केला. कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी, आणि ती ज्याच्याशी पाण्यात झुंजते तो नाग बनवलेला आहे हे कुणालाही कळतं. त्या सिनेमाचा वाचलेला भाग आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयामुळे आज बघायला मिळतो. तो बघून कुणी हसलं तर आपण त्याला गप्प बसवू. का? तो नाग जास्त खरा दिसतो म्हणून? मग एका कारागिराला नमस्कार आणि दुसऱ्याला खिदळणं, हे कुठल्या न्यायाने, तेवढं मला सांगा.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. मेगालोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. तो उबदार, किनाऱ्याजवळच्या पाण्यातला मासा होता, आणि समुद्रातल्या सर्वांत खोल मारियाना गर्तेच्या तळाशी, गोठायच्या बेतातल्या पाण्यात, पृष्ठभागाच्या हजारपटीहून जास्त दाबाखाली तो राहणं शक्य नाही. हे माझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही मला कळायला मार्ग नाही. पोरांच्या डोक्यात तो जिवंत असल्याचं कुणी भरवलं असेल, तर २०१३ साली डिस्कव्हरी वाहिनीने शास्त्रज्ञ म्हणून नट उभे करून माहितीपटाच्या थाटात जे दाखवलं, त्याला जाब विचारा. विमानाला उडी मारून चावणारा शार्क बघून कुठल्याही पोराला ते खरं वाटत नाही. तो शार्क ज्या २००९च्या 'मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस' या सिनेमात आहे, त्यात नटी डेबी गिब्सन समुद्रशास्त्रज्ञ झाली आहे आणि उपाय शोधणाऱ्यांत तीच पुढे असते, तेव्हा बायकांचा मुद्दाही सरसकट लागू होत नाही.

कंपन्यांचं म्हणाल, तर असायलम या स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१८ साली 'द मेग'च्याच वर्षी 'मेगालोडॉन' नावाचा सिनेमा काढला, हे मला ठाऊक आहे. मालकाचा डाव काय होता यावरून खाली काम करणाऱ्याच्या हातांची किंमत ठरत नाही. एवढं बोलून हा विषय सोडतो.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आपण टोपणनावाने लिहिलंत यालाही माझी हरकत नाही. त्या मगरीचा एक दात अजून माझ्या कपाटात आहे, कागद पिवळा पडलाय, टोक शाबूत आहे. कधी आमच्या बाजूला आलात तर दाखवीन, चहाही होईल. त्याआधी 'रिकामटेकडा' हा शब्द मात्र मागे घ्या.